सगळे आत आहेत का? नामांतराच्या दंगलीत गाव सोडलेल्या कुटुंबातील तिसऱ्या पिढीचा एक प्रकरण अभ्यास

२०२४च्या जानेवारीत बारावीच्या वर्गातील एका सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या शिक्षिका आमच्या समुपदेशन केंद्रात घेऊन आल्या. सोबतच्या चिठ्ठीत तीनच नोंदी होत्या: पूर्वपरीक्षेच्या दोन पेपरांना गैरहजर, वर्गात अचानक छातीत धडधड, आणि रात्री झोप नाही. हृदयाचा आलेख, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन या तपासण्या आधीच झाल्या होत्या व त्यांत काही निघाले नव्हते. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वस्तीत राहणाऱ्या या कुटुंबाच्या लेखी संमतीने मी हे प्रकरण मांडत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि सर्वांचा उल्लेख नात्यानेच केला आहे. मुलीला येथे ‘नात’ म्हटले आहे, कारण या प्रकरणाची उकल होण्यासाठी आजीपर्यंत जावे लागले.

नातीच्या सांगण्यानुसार तिचा त्रास चार-पाच महिन्यांत वाढला होता. झोपण्यापूर्वी ती दाराची कडी पाहायची, गॅसचा कॉक पाहायची आणि दरवाजामागच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत रेशनकार्ड, फोटोपास (झोपडीधारकाचे ओळखपत्र), जुनी वीजबिले आणि जातीचे दाखले आहेत ना, हे पाहायची. त्यानंतर ती माणसे मोजायची. वडील, आई, मोठा भाऊ, ती स्वतः आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या खोलीत आजी, अशी पाच माणसे. भाऊ मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवण्याचे काम करतो आणि रात्री एक-दीडला येतो. तो येईपर्यंत नात जागी असायची. तो आला की ती भिंतीवर तीनदा टकटक करायची, पलीकडून आजीची एक टकटक यायची आणि मगच ती आडवी व्हायची. कधी आजीला गाढ झोप लागलेली असली, तर नात बाहेर जाऊन तिचे दार वाजवायची.

पहिल्या तीन भेटींत मी याकडे परीक्षेच्या ताणातून वाढलेली पुनःपुन्हा तपासण्याची सवय म्हणून पाहिले आणि तशा सवयीसाठी वापरली जाणारी रीत सुरू केली. मोजण्याची इच्छा झाली की आधी पाच मिनिटे, मग दहा मिनिटे थांबायचे आणि दरम्यान अस्वस्थता आपोआप कशी उतरते ते पाहायचे. मुलगी आज्ञाधारक होती. तिने ते केले. चौथ्या भेटीत मात्र ती रडत म्हणाली, “मी नाही मोजलं तर कोण मोजेल?” या वाक्याकडेही मी प्रथम आजाराचे बोलणे म्हणूनच पाहिले. ते घरात नेमून दिलेल्या एका कामाविषयी होते, हे माझ्या लक्षात यायला आणखी दोन आठवडे गेले. तेवढ्या काळात मी एका मुलीला तिच्या दृष्टीने घरातल्या माणसांना वाऱ्यावर सोडायला शिकवत होते, याची बोच अजून आहे.

मी तिला विचारले की तुझ्याआधी कोण मोजत असे. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, “पप्पा.” तिला समजू लागल्यापासून वडील रोज रात्री दिवा मालवण्याआधी एकच प्रश्न विचारत: “सगळे आत आहेत का?” आणि कोणी तरी “हो, सगळे” असे म्हणायचे. टाळेबंदीनंतर वडिलांची नोकरी गेली, त्यांनी सुरक्षारक्षकाची रात्रपाळी धरली आणि तो प्रश्न घरात कोणी विचारेनासे झाले. तो नातीने उचलला. तिला तसे कोणीही सांगितले नव्हते.

वस्तीत पुनर्वसनाचे सर्वेक्षण २०२३च्या पावसाळ्यात झाले. झोपडी कोणाच्या नावावर, कधीपासून, पुरावा काय, हे सारे तपासून पात्र-अपात्रांची यादी लागली. कुटुंबाची मोठी खोली पात्र ठरली, म्हणजे त्यांना पुढे ३०० चौरस फुटांची सदनिका मिळू शकते. आजीची आठ बाय दहाची खोली मात्र अपात्र ठरली. वीजबिल दिवंगत आजोबांच्या नावावर, रेशनकार्डावर आजीचे माहेरचे हाक मारायचे नाव आणि मतदार ओळखपत्रावर तिसरेच. मुंबईच्या वस्त्यांत हा घोळ इतका नेहमीचा आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. घरात चर्चा सुरू झाली: अपील करायचे, की आजीला सदनिकेतच सामावून घ्यायचे, की ती काही दिवस काकांकडे कळव्याला राहील. नातीचा त्रास याच आठवड्यांपासून वाढला. तिच्या वहीत एका पानावर फक्त ‘आजी कुठे?’ असे लिहिलेले होते.

मी घरी गेले तेव्हा आजींनी मला “नमस्कार” म्हटले. शेजारणीला, दारावर आलेल्या भाजीवाल्याला, सगळ्यांना त्या “जय भीम” म्हणत होत्या. माझे आडनाव त्यांना ठाऊक होते. मुंबईत आडनाव कळले की पुष्कळ गोष्टी कळतात, आणि या घरात आडनाव विचारल्याशिवाय सांगायचे नाही असा मुलांना दंडक होता. ही खबरदारी मी लक्षणांच्या यादीत लिहिली नाही. ज्या समाजात घर भाड्याने देताना आडनावावरून नकार दिला जातो, तिथे तिला लक्षण म्हणणे अन्यायाचे ठरले असते.

खोलीत कोपऱ्यात एक बोचके होते. त्यात दोन लुगडी, एक पातेले, काड्यापेटी, मीठ आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर होती. सर्वेक्षणानंतर आजींनी ते पुन्हा बांधून ठेवले होते. ‘पुन्हा’ हा शब्द सुनेने वापरला. तिने ते बोचके याआधी एकदाच बांधलेले पाहिले होते, लग्नानंतर काही वर्षांनी, २००५च्या जुलैत मुंबई बुडाली होती तेव्हा.

आजी नांदेड जिल्ह्यातल्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या गावागावांत बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या त्यांतलीच. शहरांतून विद्यापीठाच्या पाटीबद्दल भांडण चालले होते. खेड्यांत त्या पाटीच्या आडून जुने हिशेब चुकते होत होते. मेलेली जनावरे ओढायचे सोडलेले, गायरानात नांगर घातलेला, मुलांना शाळेत पाठवलेले, शासनाच्या नोकरीत एखादा चिकटलेला, अशी घरे गावाच्या डोळ्यांत आधीपासूनच होती. आजींच्या सासऱ्यांनी दीड एकर गायरान कसायला घेतले होते.

हे सारे आजींनी मला सांगितले नाही. इतिहास मला माहीत होता, आणि कुटुंबात तो सर्वांना माहीत होता. नातीला नामांतरासाठी निघालेल्या लाँग मार्चचे वर्ष पाठ होते. नामांतरासाठी नांदेडमध्ये आत्मदहन केलेल्या गौतम वाघमारे यांचे नाव माहीत होते. १४ जानेवारी १९९४ला झालेल्या नामविस्ताराची, म्हणजे विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव जोडले गेल्याची, तारीख तर वस्तीत दरवर्षी साजरी होते. सोळा वर्षांचा लढा, गाणी, मिरवणुका, भाषणे, भिंतीवर लावलेले फलक यांतून हा भूतकाळ या मुलीपर्यंत अभिमानाचा वारसा म्हणून नीट पोहोचला होता. म्हणूनच सुरुवातीला मला वाटले की येथे मौनाचा प्रश्न नाही. ज्या समाजाने आपला अपमान आणि आपला लढा दोन्ही इतक्या मोठ्याने गायले आहेत, त्या समाजातल्या घरात न बोललेले काय उरले असेल?

उरले होते ते असे. आजी १४ जानेवारीच्या कार्यक्रमाला कधीही जात नसत. पाय दुखतात, असे सांगत. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईंचे पाय नेमके त्याच दिवशी दुखतात, हे कोणी कधी बोलून दाखवले नव्हते. मी चौथ्यांदा घरी गेले त्या दिवशी दारातच त्या मला “जय भीम” म्हणाल्या आणि त्याच दुपारी, नात आणि सून समोर असताना, त्यांनी ते सांगितले. रात्री आरडाओरडा ऐकून माणसे शेताकडे पळाली. आषाढ संपत आला होता, ज्वारी कमरेएवढीही झाली नव्हती, आडवे पडल्याशिवाय माणूस लपत नव्हते. आजोबांच्या खांद्यावर चार वर्षांचा मुलगा, म्हणजे नातीचे वडील, आणि आजींच्या पोटात सहा महिन्यांचे मूल. चिखलात पडून त्यांनी मुलाला घट्ट धरले, दिराला हाक मारली, जावेला हाक मारली, आणि मग लक्षात आले की सासू घरातच आहे. सासूला दिसत नव्हते आणि चालवत नव्हते. परत कोणी गेले नाही. दोन दिवसांनी पोलीस आल्यावर ते परतले, तेव्हा अर्धे जळालेले घर मागे होते आणि म्हातारी कडुनिंबाखाली बसलेली होती. तिला कोणी बाहेर काढले, की ती सरपटत आली, हे तिने सांगितले नाही आणि तिला कोणी विचारले नाही. दिवाळीच्या आत ती गेली. त्यानंतर महिन्याभरात कुटुंब मुंबईला आले.

“ज्यांनी जीव दिले त्यांचा दिवस हाय तो,” आजी म्हणाल्या. “आमी म्हातारीला टाकून पळालो. आमी कोणत्या तोंडानं जायचं?”

या वाक्यापाशी मला हे प्रकरण समजू लागले. सामूहिक आघाताची सार्वजनिक आठवण ही बहुतेक वेळा हुतात्म्यांची आणि लढणाऱ्यांची असते, आणि ती तशी असणे योग्यही आहे. पण प्रत्येक दंगलीत, प्रत्येक युद्धात बहुसंख्य माणसे पळालेली असतात, लपलेली असतात, कोणाला तरी मागे ठेवून वाचलेली असतात. अभिमानाच्या गोष्टीत त्यांना जागा सापडत नाही. मग ती शरम घरात राहते आणि तिला शब्द नसल्यामुळे सवयीचे रूप घेते. या घरात तिने घेतलेले रूप म्हणजे रोज रात्रीचा एक प्रश्न. चार वर्षांच्या मुलाने ज्वारीत पडून मोठ्यांच्या तोंडून माणसांची मोजणी ऐकली आणि ती चुकलेलीही ऐकली. पुढे तोच प्रश्न वर्षानुवर्षे तो स्वतः विचारत राहिला, का ते न सांगता. मुलीला प्रश्न मिळाला, गोष्ट मिळाली नाही.

येथे मी स्वतःला एक सावधगिरीची सूचना केली होती, ती वाचकांपुढेही ठेवते. मागे राहिलेली पणजी आणि यादीत मागे राहिलेली आजी, हे इतके जुळून येते की समुपदेशकाला मोह पडावा. नातीला पणजीची गोष्ट माहीत नव्हती. तिच्या भीतीला आजीची अपात्रता हे आजचे, खरे आणि पुरेसे कारण होते. जुन्या घटनेने ती भीती निर्माण केली असे मी म्हणणार नाही. त्या घटनेने या घराला धोका कसा ओळखायचा, त्याबद्दल गप्प कसे राहायचे आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यायची, याची एक घडी घालून दिली होती, एवढेच मी म्हणते.

पिढ्यानुपिढ्या उतरणाऱ्या आघाताविषयी आज समाजमाध्यमांवर जे सांगितले जाते, त्यात ‘तो रक्तातून, जनुकांतून येतो’ हे वाक्य फार सहज येते. नातीने पहिल्याच महिन्यात मला विचारले होते की हे तिच्या डीएनएमध्ये आहे का. तिला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने देते. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये दिसणाऱ्या त्रासाबद्दल कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ व्हिव्हियन रॅकॉफ यांनी १९६६मध्येच लिहिले. रेचेल यहुदा यांच्या गटाने पुढे अशा कुटुंबांत ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा पालक व मुले दोघांत बदललेल्या आढळल्याचे मांडले. पण तो अभ्यास काही डझन माणसांवरचा होता आणि त्यातून वारशाचा निष्कर्ष काढण्यावर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यातील उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या शरीरावर दशकांनंतरही खुणा दिसल्या, परंतु ती मुले स्वतःच, गर्भात असताना, त्या उपासमारीत होती. आणि २००३मध्ये व्हॅन आयझेनडॉर्न व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचारासाठी न आलेल्या सर्वसाधारण गटांत संहारातून वाचलेल्यांची मुले इतरांपेक्षा अधिक आजारी असल्याचे दिसले नाही. म्हणजे वारसा अटळ नाही. ‘तुझ्या रक्तातच भीती आहे’ असे एका दलित मुलीला सांगणे मला शास्त्राच्या दृष्टीने कच्चे आणि माणुसकीच्या दृष्टीने घातक वाटते. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजात हे वाक्य फार जुन्या जागी जाऊन बसते.

मला अधिक उपयोगी वाटले ते जपानी वंशाच्या अमेरिकनांचे उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जणांना, ज्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते, घरेदारे सोडून छावण्यांत राहावे लागले. डोना नगाता यांनी त्यांच्या मुलांशी बोलून दाखवले की घरांत छावणीविषयी बोलणे अगदी त्रोटक होई आणि मुले त्या गप्पपणावरूनच काही तरी भयंकर घडल्याचा अंदाज बांधत. १९८१मध्ये सरकारी आयोगापुढे सुनावण्या झाल्या, साडेसातशेहून अधिक जणांनी साक्षी दिल्या आणि पुष्कळ मुलांनी आपल्या आईवडिलांची हकीकत प्रथमच ऐकली. १९८८च्या कायद्याने हयात असलेल्यांना माफी आणि प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले. रकमेपेक्षा मला त्या सुनावण्या महत्त्वाच्या वाटतात: मारल्या न गेलेल्यांनाही कोणी तरी बसवून विचारले, “तुमच्या बाबतीत काय झाले?” आजींना हा प्रश्न ७१ वर्षांच्या वयात विचारला गेला, तोही नातीची परीक्षा बुडाली म्हणून.

आईच्या बाजूचा इतिहास निराळा आहे आणि तो येथे थोडक्यात सांगते. ती घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात वाढली. ११ जुलै १९९७ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मारले गेले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ती त्याबद्दल मोकळेपणाने बोलते, चिडते, त्या दिवशी पाणी घेऊन कोण कुठे धावले ते सांगते. दरवर्षी ती मुलीला घेऊन अभिवादनाला जाते. तिच्याकडून मुलीला राग मिळाला आहे आणि तो राग मुलीला झोपू देतो. एकाच घरात दोन आघातांचा वारसा इतका वेगळा उतरलेला मी प्रथमच पाहिला.

उपचारांत मोजणे थांबवण्याचे उद्दिष्ट आम्ही सोडून दिले. मानसोपचारतज्ज्ञांनी कमी मात्रेत औषध सुरू केले आणि त्याने धडधड व झोप यांत महिन्याभरात फरक पडला. मोजण्याचे काम वाटून घेतले: वडिलांनी रात्रपाळीवरून साडेदहाला फोन करून तो प्रश्न स्वतः विचारायचा आणि भावाने घरी पोहोचल्यावर आजीच्या दारावर स्वतः टकटक करायची. वडिलांना हे सांगताना मी ज्वारीतल्या रात्रीचा विषय काढला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की त्यांना त्या रात्रीचे काहीही आठवत नाही, फक्त ओल्या ज्वारीचा वास सहन होत नाही. आजीच्या अपिलासाठी एका वकिलांची मदत घेतली, नावांतील फरकाचे प्रतिज्ञापत्र केले, जुन्या शाळेतून वडिलांचा दाखला मागवला. माझ्या व्यवसायातील काही जणांना हे समुपदेशनाचे काम वाटत नाही. आजी मागे राहण्याची शक्यता खरी असताना नातीला श्वासाचे व्यायाम शिकवून शांत करणे मला उपचार वाटले नसते.

एक गोष्ट कुटुंबाने स्वतः ठरवली, मी सुचवलेली नव्हती. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांनी पणजीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. तिच्या मृत्यूची तारीख कोणालाच आठवत नव्हती आणि छायाचित्र तर कधी काढलेलेच नव्हते, म्हणून पत्रिकेवर तिचे नाव आणि गावाचे नाव एवढेच छापले. त्रिशरण-पंचशील झाल्यावर बोलायला उभ्या राहिलेल्या आजींनी, चाळीस-पंचेचाळीस नातेवाईक आणि शेजाऱ्यांसमोर, ती रात्र पुन्हा सांगितली. कळव्याचे काका, जे त्या रात्री आजींच्या पोटात होते, पहिल्यांदाच हे ऐकत होते. एका वृद्ध शेजाऱ्याने नंतर सांगितले की तोही परभणीकडच्या गावातून असाच पळून आला होता आणि त्यानेही कोणाला सांगितलेले नाही.

नातीने फेब्रुवारी-मार्चमधली परीक्षा दिली, दोन विषय राहिले, ते तिने जुलैत सोडवले. वर्षअखेरीस औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. मोजणे पूर्ण थांबलेले नाही. जोराचा पाऊस असलेल्या रात्री ती अजून भिंतीवर टकटक करते आणि आजी अजून उत्तर देतात. बोचके सोडले आहे, पातेले वापरात आले आहे, तसबीर आजींच्या खोलीत लावली आहे. अपिलाची सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली असून हे लिहीपर्यंत आजींचे नाव यादीत आलेले नाही.